खडकवासला जलाशय: पाणी, काठ आणि पोहण्याची सोय

पुण्याहून सिंहगड किंवा पानशेतकडे निघाले की स्वारगेटपासून साधारण सतरा-अठरा किलोमीटरवर खडकवासल्याचे धरण लागते आणि भिंतीपलीकडचे पाणी दिसू लागताच गाड्यांचा वेग मंदावतो. या जागेविषयी लिहिणारे बहुतेक जण चौपाटीवरची कांदाभजी, भाजलेली कणसे आणि मावळता सूर्य यांवर लिहून थांबतात. येथे मात्र पाण्यात उतरू पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीनेच या जलाशयाकडे पाहायचे आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. वर्षातील काही महिने येथील पाणी डोळ्यांना चांगले स्वच्छ दिसते, परंतु पोहण्याचे ठिकाण म्हणून मी खडकवासल्याला उत्तीर्ण करणार नाही. या नापासीचे थोडे कारण पाण्यात आहे, बरेचसे तळाशी आणि काठावर आहे, आणि उरलेले सगळे तेथे नसलेल्या व्यवस्थेत आहे.

मुठा नदीवरचे हे दगडी धरण १८६९ ते १८७९ या काळात कॅप्टन फाइफ यांच्या योजनेनुसार बांधले गेले, म्हणून जुन्या कागदपत्रांत या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हटलेले आढळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर त्या लोंढ्यापुढे ही भिंतही टिकली नव्हती. आज आपण पाहतो ते नंतर पुन्हा उभे राहिलेले धरण आहे. पोहणाऱ्याच्या दृष्टीने इतिहासापेक्षा महत्त्वाची आहे ती या धरणाची साखळीतील जागा. वरच्या अंगाला पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगावचा १२.८२ टीएमसी आणि टेमघरचा ३.७१ टीएमसी आहे, तर खडकवासल्याचा जेमतेम १.९७ टीएमसी. म्हणजे हे मुख्य कोठार नव्हे, वरून आलेले पाणी पुढे शहराकडे आणि कालव्याकडे पाठवण्याचे ठाणे आहे. त्यामुळे येथील पातळी एखाद्या गावतळ्याप्रमाणे ऋतुमानाने संथपणे खाली जात नाही. वरच्या धरणांतून किती सोडले, महापालिकेने किती उचलले आणि शेतीचे आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाळीने पाणी सोडणे, सुरू आहे की नाही, यावर ती वरखाली होते. मागच्या महिन्यात ज्या ठिकाणी कंबरेइतके पाणी होते, तेथे आज किती असेल हे काठावर उभे राहून सांगता येत नाही.

पाण्याचा रंग आणि पारदर्शकता ऋतूनुसार पार बदलते. जूनच्या अखेरीस आणि जुलैमध्ये डोंगरउतारांवरची माती, शेतांतला राडा आणि रस्त्याकडेचा कचरा घेऊन येणारे पाणी तांबूस गढूळ असते. गुडघाभर पाण्यात उभे राहिल्यास स्वतःची पावले दिसत नाहीत. धरण भरले की दरवाजे उघडले जातात, आणि २५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास गेला तेव्हा खाली सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा दिवसांत पोहण्याचा विचारही कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबरपासून गाळ खाली बसू लागतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पाण्याच्या दृष्टीने सर्वोत्तम असतो: वरच्या अंगाला, वस्तीपासून दूर, पाणी हिरवट-निळे आणि बऱ्यापैकी नितळ दिसते, आणि त्याला वासही येत नाही. मार्चनंतर पातळी उतरते, काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि उथळ कोपऱ्यांत, जेथे पाणी फारसे हलत नाही, शेवाळ धरू लागते.

या शेवाळाविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. दगडाला चिकटलेले किंवा धाग्यांसारखे तरंगणारे साधे शेवाळ त्रासदायक असले तरी बहुधा निरुपद्रवी असते. पण पाण्यावर हिरवा तैलरंग ओतल्यासारखा थर दिसला, किंवा ढवळल्यावर पाणी वाटलेल्या पालेभाजीसारखे झाले, तर ते नील-हरित जिवाणूंचे लक्षण असू शकते. त्यांतील काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे तयार करतात. असे पाणी उकळूनही निर्धोक होत नाही, कारण उकळल्याने जिवाणू मरतात, विष शिल्लक राहते. खडकवासल्यात असा थर नेहमी असतो असे मी म्हणत नाही; मोकळ्या मुख्य पात्रात मला तो दिसलेला नाही. मात्र उन्हाळ्यात, ज्या बाजूला ओढे येऊन मिळतात अशा आडोशाच्या खाचांत हिरवा तवंग दिसला, तर तेथे कुत्र्यालाही पाणी पिऊ देऊ नये.

आता नेहमी ऐकू येणाऱ्या युक्तिवादाकडे वळतो: ‘हे तर पुण्याचे पिण्याचे पाणी आहे, मग त्यात पोहायला काय हरकत?’ ऐकायला तो बिनतोड वाटतो, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष उघडून पाहिले तर तो टिकत नाही. मंडळाने पाण्याच्या वापरानुसार वर्ग पाडले आहेत. उघड्यावरच्या स्नानासाठी योग्य पाण्यात एकूण कोलिफॉर्म (मैलापाणी मिसळल्याची खूण मानले जाणाऱ्या) जिवाणूंचे प्रमाण प्रति १०० मिलिलिटर ५०० किंवा त्याहून कमी असावे लागते. याउलट, नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया आणि निर्जंतुकीकरण करून पिण्यासाठी वापरायच्या स्रोताला ५,००० पर्यंतची मुभा आहे. याचे कारण सरळ आहे: पिण्याचे पाणी नळाला येण्यापूर्वी तुरटी, गाळण्या आणि क्लोरीन यांतून जाते, तर पोहणारा माणूस ते पाणी कच्चेच नाकातोंडात घेतो. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच) ६.५ ते ८.५ दरम्यान, या स्नानाच्या इतर अटी आहेत, आणि सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या जलाशयाला त्या पाळणे एरवी अवघड नाही. खरी अडचण जिवाणूंची आहे, आणि जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी नितळ दिसते म्हणून ते जिवाणूंच्या बाबतीतही चांगले असेल, हा समज बाळगणारा माणूस नशिबावर पोहत असतो.

हे जिवाणू येतात कोठून, हे पानशेत रस्त्याने पुढे गेले की कळते. गोऱ्हे बुद्रुक, गोऱ्हे खुर्द, खानापूर, मालखेड या बाजूला आणि पलीकडे कुडजे, आगळंबे, मांडवी या अंगाला गेल्या काही वर्षांत वस्ती, हॉटेले, शेतघरे आणि मुक्कामाची ठिकाणे झपाट्याने वाढली. या काठावरचे बरेचसे सांडपाणी ओढ्यांवाटे जलाशयात उतरते, ही तक्रार वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे छापून येत आहे. मी एका मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघरामागून निघालेली मोरी थेट उताराने पाण्याकडे जाताना पाहिली. समोरच्या बाजूला मात्र पाहुण्यांसाठी पाण्यात पाय सोडून बसण्याची हौशी व्यवस्था केलेली होती. काठावर गुरे धुणे, कपडे धुणे, गाड्या धुणे हे तर नित्याचेच. जलाशय मोठा असल्याने यातले पुष्कळसे विरळ होऊन जाते हे खरे, पण ते विरळ होते मध्यभागी, आणि हौशी माणसे पोहतात काठालगत, म्हणजे जेथे ओढा आणि मोरी नुकतीच मिळालेली असते त्या पट्ट्यात.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागांत, गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. ही मज्जातंतूंची व्याधी असून अनेकदा पोटाच्या संसर्गानंतर उद्भवते. त्या वेळी काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता आणि दूषित पाण्याकडे संशयाचे बोट रोखले गेले. महापालिकेत नव्याने आलेल्या त्या गावांना संपूर्ण शुद्धीकरणाऐवजी केवळ क्लोरीन मिसळून पाणी दिले जात असल्याची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. यावरून ‘धरणाचे पाणीच विषारी’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण नळापर्यंतच्या वाटेत विहीर, टाकी आणि जुन्या वाहिन्या अशी दूषित होण्याची बरीच ठिकाणे असतात. मात्र एवढे निश्चित की, जे पाणी न गाळता पिणे आपण टाळतो, त्यात तोंड उघडे ठेवून डुंबणेही टाळावे. अंगावर ताजी जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका वेगळाच, विशेषतः पावसाळ्यात.

असे असले तरी, खडकवासल्यात आजवर गेलेले जीव जिवाणूंमुळे गेलेले नाहीत. ते बुडून गेले, आणि म्हणून या परीक्षणाचा अधिक भाग तळाला देणे मला आवश्यक वाटते. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा उतार पावलागणिक हळूहळू खोल होत जातो, म्हणून तेथे माणसाला अंदाज येतो. येथे मूळची नदीची दरी, तिच्या दोन्ही बाजूंची शेते, ताली, बांध आणि ओढ्यांची पात्रे असे सगळे पाण्याखाली गेलेले आहे. वरून पाणी सपाट दिसते, पण खाली बांध संपला की एका पावलात पाणी घोट्यावरून छातीवर येते, आणि दुसऱ्या पावलात डोक्यावर. काठालगत गाळ आणि मुरूम उपसल्याने तयार झालेले खड्डे त्यात भर घालतात. उन्हाळ्यात ते कोरडे दिसतात, आणि पातळी चढली की त्यांचा मागमूस राहत नाही. जो माणूस मे महिन्यात एखाद्या जागी चालत गेला असेल, त्यालाही ऑक्टोबरमध्ये तीच जागा ओळखू येत नाही.

गाळाची गोष्ट निराळी. पातळी उतरल्यावर उघडा पडलेला काठ वरून भेगाळलेला आणि टणक दिसतो, परंतु पाण्याच्या कडेला तोच गाळ लोण्यासारखा मऊ असतो. पाय पोटरीपर्यंत रुतला की माणूस घाबरून दुसऱ्या पायावर भार देतो, आणि तोही रुततो. पोहता येणाऱ्यालाही येथे पोहण्याचा उपयोग होत नाही, कारण शरीर आडवे करण्याइतके पाणी नसते आणि उभे राहण्याजोगी जमीन नसते. अशा वेळी अंग मागे झोकून पाठीवर पडावे आणि पाय हळूहळू सोडवावेत, हे काठावरच्या मच्छीमारांना ठाऊक असते. शहरातून आलेल्या तरुणांना नसते. सलवार-कमीज, साडी किंवा जीन्स घालून पाण्यात उतरणाऱ्यांच्या बाबतीत भिजलेल्या कपड्यांचे ओझे आणखी वाढते.

प्रवाहाचे काय? भिंतीपासून दूर, मोकळ्या पात्रात एरवी जाणवण्यासारखा प्रवाह नसतो. सांगरूणजवळ, जेथे मुठा, आंबी आणि मोसे यांचे पाणी एकत्र येते, त्या वरच्या अंगाला मात्र पानशेत किंवा वरसगावातून पाणी सोडले की वेग वाढतो, आणि धरणाच्या तळातून आलेले ते पाणी पृष्ठभागावरच्या कोमट पाण्यापेक्षा थंड असते. भिंतीच्या, दरवाजांच्या आणि पाणी उचलण्याच्या जागांच्या आसपास तर कोणत्याही ऋतूत फिरकू नये. खालच्या कालव्यात पोहणारी मुले पाहून ‘तेथे तरी सुरक्षित आहे’ असे वाटत असेल, तर त्या कालव्याच्या गुळगुळीत कडा एकदा नीट पाहाव्यात: आत उतरणे सोपे, वाहत्या पाण्यातून बाहेर येण्यासाठी हाताला धरायला मात्र काहीही नाही.

व्यवस्थेला द्यायचे गुण शून्याच्या जवळपास आहेत. जलसंपदा विभागाचे ‘पाण्यात उतरू नये’ अशा अर्थाचे फलक आहेत, पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर ते अधिक काटेकोर झाले. पण फलकाच्या शेजारीच माणसे पाण्यात असतात आणि त्यांना हटकणारे कोणी नसते. जीवरक्षक नाही, दोरीने आखलेली हद्द नाही, कोठे किती खोली आहे हे दाखवणारी खूण नाही, तरंगते कडे नाही. पाण्याची अलीकडची तपासणी काय सांगते, हे काठावर कोठेही लिहिलेले नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षक नेमलेले आहेत आणि लाल व लाल-पिवळ्या झेंड्यांचा अर्थ तेथील लहान मुलालाही कळतो. शनिवार-रविवारी एवढी गर्दी खेचणाऱ्या खडकवासल्याला यातले काहीच मिळालेले नाही.

हेच पाणी व्यवस्थेसह कसे वापरता येते, याचे उदाहरण समोरच्याच काठावर आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र याच जलाशयाच्या ‘पीकॉक बे’ या भागात शिडाच्या होड्या आणि वल्हवण्याचे प्रशिक्षण घेतात. तेथे प्रशिक्षक असतात आणि शिस्तीत चूक चालत नाही. तो भाग नागरिकांसाठी खुला नाही आणि नसावाच, पण दोन काठांवरची ही तफावत पाहिली की दोष पाण्याच्या माथी मारता येत नाही.

मग शासनाने येथे पोहण्याची अधिकृत सोय करावी का? माझे मत नकारार्थी आहे. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात हजारो माणसांनी सुटीच्या दिवशी अंघोळ करावी, हे त्या पाण्यालाही मानवणारे नाही. माणसाच्या अंगावरून आणि कपड्यांवरून जे उतरते, ते शेवटी शुद्धीकरण केंद्रालाच गाळावे लागते. बंदी योग्य आहे, परंतु ती फलकापुरती राहता कामा नये. मार्च ते जून आणि मुसळधार पावसाच्या आठवड्यांत, नेहमीच्या अपघाती जागांवर प्रशिक्षित स्थानिक तरुण शिट्टी, दोर आणि जीवरक्षक जॅकेटसह नेमले, आणि पाणीतपासणीचे आकडे मराठीत काठावर लावले, तर मोठा खर्च न करताही बराच फरक पडेल. अपघात झाल्यावर पहिला हात बहुधा गावकऱ्यांचा आणि मच्छीमारांचाच पोहोचतो. अग्निशमन दलाची गाडी सिंहगड रस्त्याच्या कोंडीतून येईपर्यंत जी मिनिटे जातात, त्यांतच निकाल लागलेला असतो.

चौपाटीवरच्या इतर सोयींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भजी गरम मिळतात, ताक चांगले असते, वाहने लावायला सुटीच्या दिवशी जागा सापडत नाही आणि स्वच्छतागृहांची स्थिती वाईट आहे. या शेवटच्या गोष्टीचा पाण्याच्या दर्जाशी थेट संबंध आहे, हे मात्र नोंदवले पाहिजे: जेथे हजारो माणसे येतात आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसते, तेथे ती माणसे काठावरची झुडपे शोधतात, आणि पहिल्या पावसात ते सगळे जलाशयात जाते.

एवढे वाचूनही कोणी पाण्याजवळ जाणारच असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात. मुले हाताच्या अंतरावर असावीत, मोबाईलच्या अंतरावर नव्हे. सेल्फीसाठी पाण्याकडे पाठ करून मागे सरकू नये. पाण्याखालचा उंचवटा संपून खोली सुरू होते ती नेमकी पाठीमागे. कोणी बुडू लागल्यास पोहता येत असले तरी थेट उडी घेऊ नये, कारण बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरल्याने एकाच कुटुंबातले तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात. ओढणी, साडी, दोरी, लांब फांदी, बूच घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, यांपैकी जे हाताशी असेल ते फेकावे, आरडाओरडा करून जवळच्या मच्छीमाराला बोलवावे आणि ११२ वर फोन करावा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबलेला असेल तर पोटातले पाणी काढण्यासाठी त्याला उलटे लटकवण्यात वेळ घालवू नये. तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत ते थांबवू नये.

ज्यांना खरोखर पोहायचे किंवा शिकायचे आहे, त्यांनी डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव किंवा घराजवळचा महापालिकेचा तलाव गाठावा. तेथे गर्दी असेल, वेळा गैरसोयीच्या असतील, पण कोठे किती खोल आहे हे माहीत असते आणि बाजूला पाहणारा माणूस असतो. खडकवासल्याला जायचे तर डिसेंबर-जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी नऊच्या आत जावे. त्या वेळी पाणी वर्षातले सर्वांत नितळ असते, चौपाटी रिकामी असते, काठावर बगळे आणि पाणकावळे दिसतात, आणि पीएमपीच्या बसमध्येही बसायला जागा मिळते.